केस पाणी पितात, पण टिकवत नाहीत: सच्छिद्र केसांसाठी प्रोटीन ट्रीटमेंट कशी निवडायची

दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली. अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री तेल लावायला तिच्या केसांत हात घातला, तर बोटं मध्येच अडकली. वर्षभरात तिने आधी सोनेरी हायलाइट्स केले होते, ते पिवळट दिसायला लागले म्हणून पुन्हा ब्लीच, आणि मग केसांचा झाडू झाला म्हणून एका पार्लरमध्ये ‘केराटिन’. "मावशी, एवढं प्रोटीन दिलं, तरी तुटतातच कसे गं?" असं तिने विचारलं. तिच्या केसांना प्रोटीन फारसं मिळालंच नव्हतं. तिथूनच सुरुवात करते, कारण या एका शब्दापायी बऱ्याच जणींचे पैसे वाया जातात आणि केसही.

पार्लरचं केराटिन म्हणजे प्रोटीन ट्रीटमेंट नव्हे

आपल्याकडे ‘केराटिन’, ‘स्मूदनिंग’, ‘हेअर बोटॉक्स’ या नावांनी जे विकलं जातं, त्याचं मुख्य काम केस सरळ आणि गुळगुळीत करणं. त्यात केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनलेला असतो ते प्रोटीन, असलंच तर पाहुण्यासारखं. खरं काम करतं ते फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिड, आणि वरून फिरणारी दोनशे अंशांच्या आसपासची गरम इस्त्री. फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे. इस्त्री फिरताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर त्याची वाफ अंगावर येते आहे असं समजा आणि उठा. ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या बाटल्यांत बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. ते वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांची वैद्यकीय नोंद आहे. ‘बोटॉक्स’मध्ये तर बोटॉक्स नसतंच. रीबॉण्डिंग म्हणजे आणखी पुढची पायरी: केसातले आतले गंधकाचे बंध रसायनाने मुद्दाम तोडायचे आणि सरळ अवस्थेत पुन्हा जोडायचे. सगळे पुन्हा जुळत नाहीत.

म्हणजे सच्छिद्र केसांवर उपाय म्हणून आपण जे करून घेतो, त्यातलं बरंचसं केस आणखी सच्छिद्र करणारं असतं. पहिले दोन महिने आरशात छान दिसतं, एवढंच.

या लेखात प्रोटीन ट्रीटमेंट म्हणजे फक्त एक गोष्ट: बारीक तुकडे केलेलं प्रोटीन असलेला मास्क, कंडिशनर किंवा द्रव, जो धुतलेल्या केसांना लावून ठरलेल्या वेळाने धुवायचा.

कौलं सरकली की

केसाचा बाहेरचा थर म्हणजे एकावर एक चढवलेले पारदर्शक खवले. कोकणातल्या घरावरची कौलं डोळ्यांसमोर आणा: मुळाकडून टोकाकडे उतरत जाणारी, एकमेकींवर बसलेली. नव्या, निरोगी केसाच्या कौलांवर एका खास मेदाचा अतिशय पातळ थर चिकटलेला असतो. त्यामुळे पाणी त्यावरून घरंगळतं. ब्लीच आणि अमोनियाचा रंग हा मेद धुऊन टाकतात, तो परत येत नाही. मग कौलं उचकटतात, काही ठिकाणी तुटतात, आणि पाणी थेट आतल्या गाभ्यात शिरतं. हाच सच्छिद्र केस. केस फुगतो, वाळताना आकसतो, पुन्हा फुगतो. प्रत्येक न्हाण्याला आतलं थोडं प्रोटीन पाण्याबरोबर वाहून जातं.

ब्लीच गाभ्यातही घुसतं. केराटिनला बळकटी देणारे गंधकाचे बंध ते कायमचे तोडतं. लांबी टिकून दिसते, पण आतली विण सैल पडलेली असते.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल: डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो. तो भरून येत नाही. प्रोटीन ट्रीटमेंट हे रफू आहे. चांगलं रफू साडीला आणखी दोन वर्षं नेसण्याजोगी ठेवतं, पण कापड नवं करत नाही, आणि दर धुण्याला थोडं उसवतंही. म्हणून निवड करताना प्रश्न ‘सगळ्यात भारी प्रोटीन कुठलं’ हा नसतो. फाटलंय कुठे आणि किती, हे पाहायचं असतं.

(आहारात डाळ, अंडी, पनीर जरूर घ्या. त्याचा उपयोग मुळाशी तयार होणाऱ्या नव्या केसाला. खांद्याखाली लोंबणाऱ्या केसापर्यंत ते पोचत नाही.)

पहिली पायरी: ग्लास बाजूला ठेवा

पाण्याच्या ग्लासात केस टाकायचा, बुडला तर सच्छिद्र, तरंगला तर नाही, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यावर विसंबू नका. केसावर जरा तेल असलं, सीरम असलं, तर फाटका केसही पाण्याच्या ताणावर मजेत तरंगतो.

त्याऐवजी हे करा. धुतल्यावर फणीत आलेले सात-आठ केस बाजूला काढा. ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणा. थोडा ताणला जाऊन सोडल्यावर परत आला तर विण शाबूत आहे. च्युइंगगमसारखा ताणतच गेला आणि लोंबकळत राहिला, तर गाभा पोकळ झालाय, इथे प्रोटीनचं काम आहे. अजिबात न ताणता खटकन तुटला तर बहुतेक वेळा तो कोरडा, कडक झालेला असतो. त्याला प्रोटीनपेक्षा कंडिशनर हवं. मुळाजवळचा भाग आणि टोकाजवळचा भाग वेगवेगळा ताणून बघा. बहुतेकींना इथेच कळतं की वरचा वीतभर केस उत्तम आहे आणि सगळं रडगाणं खालच्या अर्ध्याचं आहे.

मग लांबीचं वय काढा. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे मुळापासून ३० सेंटीमीटरवरचं टोक दोन-अडीच वर्षांपूर्वीचं. त्या काळात त्यावर काय काय झालं, तेवढं आठवून कागदावर लिहा: रंग, ब्लीच, इस्त्री, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन.

केसाची जाडीही पाहा. एक केस अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवा. जाणवलाच नाही तर बारीक, दोऱ्यासारखा जाणवला तर जाड. बारीक केसाला प्रोटीन सहसा मानवतं, अंग येतं. जाड, राठ केस थोड्याशाही जास्त प्रोटीनने काथ्यासारखे होतात.

आणि गळणारा केस नीट बघा. एका टोकाला बारीक पांढरा मणी असेल तर तो मुळापासून सुटलाय. असे केस खूप दिवस, खूप संख्येने गळत असतील तर बाटल्या घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लोह, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप अशी कारणं असू शकतात आणि त्यावर वरून लावलेलं प्रोटीन काहीही करत नाही. मणी नसलेले आखूड तुकडे पडत असतील, तर तो तुटीचा प्रश्न. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

दुसरी पायरी: पाणी

पुण्या-नाशिककडच्या कित्येक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे, आणि तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसावरही बसतो. फाटका केस हे क्षार निरोगी केसापेक्षा जास्त ओढून घेतो, कारण ब्लीचने त्यावर ऋण भार वाढवलेला असतो. हा थर तसाच ठेवून वर प्रोटीन लावणं म्हणजे धुळीच्या भिंतीवर रंग देणं.

म्हणून क्षार काढणारा, चिलेटिंग शाम्पू एकदा वापरा. बाटलीवरच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए हे क्षार पकडणारं रसायन नुसतं असून भागत नाही, ते बऱ्याच साध्या शाम्पूंतही चिमूटभर असतं. ‘हार्ड वॉटर’, ‘चिलेटिंग’ किंवा पोहणाऱ्यांसाठी असं स्पष्ट लिहिलेला शाम्पू घ्या. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा पुरे. भाचीचे अर्धे केस या एका धुण्यानेच मऊ झाले, हे मला कबूल करायला हवं. प्रोटीनची पाळी नंतर आली.

तिसरी पायरी: बाटलीमागची बारीक अक्षरं

प्रोटीनमध्ये सगळ्यात महत्त्वाचा असतो तुकड्याचा आकार. अख्ख्या प्रोटीनचा रेणू केसात शिरूच शकत नाही. अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन सुमारे ४५,००० डाल्टनचं असतं (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप). गाभ्यात जाण्यासाठी तुकडा ढोबळमानाने हजार डाल्टनच्या आसपास किंवा खाली हवा. म्हणून यादीत ‘हायड्रोलाइज्ड’ हा शब्द शोधायचा, म्हणजे बारीक तोडलेलं.

आता प्रकार. केराटिन अमिनो ॲसिड्स, सिल्क अमिनो ॲसिड्स हे सगळ्यात लहान. सहज आत जातात, ओलावा धरतात, आणि तितक्याच सहज धुऊनही जातात. कडकपणा आणत नाहीत. हायड्रोलाइज्ड सिल्क हलकं, चमक देणारं. हायड्रोलाइज्ड गहू, सोया, तांदूळ, ओट यांत लहान-मोठे तुकडे मिसळलेले असतात. काही आत जातात, काही वर पापुद्रा धरतात. हायड्रोलाइज्ड केराटिन लोकर किंवा पिसांतून येतं. त्याची रचना आपल्या केसाच्या जवळची, त्यामुळे खूप बिघडलेल्या केसाला ते बळकटी देतं. कोलॅजन बहुतांशी वरचा पापुद्रा. ‘हायड्रॉक्सीप्रोपिल’ असं लांबलचक नाव प्रोटीनच्या आधी दिसलं तर त्याला धन भार जोडलेला असतो. ऋण भाराच्या फाटक्या जागी ते अधिक चिकटून बसतं, म्हणून ब्लीच केलेल्या केसांना मला हा प्रकार आवडतो.

बाटलीवर तुकड्याचा आकार सहसा छापत नाहीत. पण प्रमाणाचा अंदाज येतो. यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते. एक टक्क्याखालचे घटक मात्र कसेही मांडले तरी चालतात. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं परिरक्षक सहसा एक टक्क्यापेक्षा जास्त वापरत नाहीत. ते यादीत शोधा. प्रोटीन त्याच्या वर असेल तर दमदार. बरंच खाली, सुगंधाच्याही मागे असेल, तर पुढच्या बाजूला ‘प्रोटीन’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो, ते हळदीकुंकवाच्या मानापुरतं आहे. असं कंडिशनर वाईट नसतं, रोजच्या वापराला उलट बरंच. फक्त त्याचे ट्रीटमेंटचे दाम देऊ नका.

बॉण्ड बिल्डर म्हणून जी महागडी उत्पादनं मिळतात, ती वेगळी जात. ऑलाप्लेक्समध्ये प्रोटीन नसतं. तुटलेल्या बंधांवर काम करण्याचा दावा असलेला एक रेणू असतो. ब्लीच झालेल्या केसाला दोन्ही वापरता येतात, पण एकाच दिवशी नको. नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

स्वयंपाकघरातल्या उपायांबद्दल विचारणार, माहीत आहे. अंडं केसात शिरत नाही, आणि गरम पाण्याने धुतलं तर केसांतच भुर्जी होते. दह्याने केस मऊ लागतात, पण दह्यातलं प्रोटीनही मोठ्या रेणूचं. तांदळाच्या पाण्यात मुख्यतः पिष्ट (स्टार्च) असतं, ते खळ दिल्यासारखा ताठपणा आणतं. सुती साडीला खळ छान, ब्लीचच्या केसाला फार वेळा नको. मेंदीचा रंग मात्र केराटिनला खरोखर जोडला जातो आणि केस भरदार वाटतो. नियमित मेंदी लावत असाल तर प्रोटीन आणखी कमी लागेल.

एका घरगुती गोष्टीला मात्र भक्कम आधार आहे: खोबरेल. मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या रेळे आणि मोहिले यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांच्यात केसातून वाहून जाणारं प्रोटीन खोबरेलानेच ठळकपणे कमी झालं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतला आहे हे ध्यानात ठेवा. पण कारण पटण्याजोगं आहे, खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसात शिरतं. आतलं प्रोटीन जाऊ न देणं हे नवं भरण्यापेक्षा स्वस्त. न्हाण्याआधी दोन-तीन तास किंवा आदल्या रात्री, खालच्या लांबीला, चमचाभर पुरतं.

चौथी पायरी: जोर किती

अमोनियाविना रंग, ऊन, कधीमधी इस्त्री एवढंच असेल तर अमिनो ॲसिड किंवा सिल्कचं साधं कंडिशनर, एक न्हाणं सोडून एक. वेगळा मास्क नको.

दर दोन महिन्यांनी रंग, किंवा रीबॉण्डिंगची जुनी लांबी शिल्लक असेल तर गहू, सोया किंवा केराटिनचा मास्क, दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही फक्त त्या लांबीला.

ब्लीच, त्यावर ब्लीच, त्यावर इस्त्री, आणि ओला केस च्युइंगगम होत असेल, तर जोरकस रिकन्स्ट्रक्टर, म्हणजे सगळ्यात तीव्र प्रोटीन ट्रीटमेंट. काही असे असतात की वाळल्यावर केस काठीसारखा कडक होतो आणि तो धुवेपर्यंत हलवायचाही नसतो. चुकून कंगवा फिरवलात तर जोडण्याऐवजी मोडाल. हे चार ते सहा आठवड्यांतून एकदाच, पाकिटावरच्या सूचना शब्दशः पाळून. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घरी हा प्रकार करू नका. मधल्या जोराचा मास्क आधी तीन वेळा वापरून बघा. भाचीला तेवढ्यावरच भागलं.

गव्हाच्या प्रोटीनबद्दल एक इशारा. जपानमध्ये गव्हाचं हायड्रोलाइज्ड प्रोटीन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणाने दोन हजारांहून अधिक लोकांना पोळी-पावाचीसुद्धा ॲलर्जी जडली. २०११ साली तो साबण परत मागवला गेला. तिथे तुकडे मोठे होते, आणि युरोपने त्यानंतर आकारावर मर्यादा घातली. गव्हाची ॲलर्जी असेल, टाळूला जखम किंवा खाज असेल तर हा प्रकार टाळा. बाकी कुणीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावं. केराटिन, सिल्क, कोलॅजन प्राण्यांपासून येतात. शाकाहारी किंवा जैन घरात गहू, सोया, तांदूळ, ओट हे पर्याय आहेतच.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष लावताना

मोकळा रविवार घ्या. घाई असेल त्या दिवशी नको.

आधी कानामागची एक बट निवडून फक्त तिलाच लावा. पुढच्या न्हाण्यापर्यंत थांबा. ती बट बरी वाटली तर सगळ्यांना.

तेल आदल्या रात्री लावलं असेल तर शाम्पू दोनदा, टाळूला. कोमट पाणी. मग पंचाने किंवा जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपा. टर्किशने खसखसून पुसणं कायमचं बंद करा. ओला, फुगलेला केस सगळ्यात नाजूक असतो. पाणी गळणं थांबलं पाहिजे, नाहीतर मास्क पातळ होऊन मोरीत जातो.

केसांचे चार भाग करा. जिथून बिघाड सुरू होतो तिथून खाली, हातावर घेऊन चोळत नव्हे तर दाबत दाबत लावा. टाळूला लावायची गरज नाही. वरच्या चांगल्या केसालाही नाही, आणि बहुतेक जणी इथेच चुकतात. निरोगी मुळं चिकट-कडक होतात आणि दोष मास्कला लागतो.

वेळ पाकिटावर लिहिलेली. पाच-दहा मिनिटं म्हटलं असेल तर तेवढीच. तासभर ठेवल्याने जास्त शिरत नाही, केस मात्र उगाच फुगलेला राहतो. कोमट पाण्याने धुवा आणि लगेच प्रोटीनविना कंडिशनर लावा: बेहेनट्रायमोनियम, सेटेरिल अल्कोहोल अशी नावं असलेलं. (हे अल्कोहोल केस कोरडे करणारं नव्हे, मेणासारखं मऊ असतं.) ते केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता काढा. तीन-चार मिनिटांनी धुवा.

शेवटी थोडं सीरम. यादीत अमोडायमेथिकोन हे सिलिकोन दिसलं तर घ्या. ते फाटक्या जागीच जास्त चिकटतं. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टला ग्लिसरिन किंवा मध यादीत वर असलेली उत्पादनं टाळलेली बरी. हवेतलं पाणी ओढून केस कापसासारखा फुलतो. मग वारा किंवा थंड झोत. ओल्या केसावर इस्त्री अजिबात नको. आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे पडतात आणि तिथेच तो मोडतो.

दुसऱ्या दिवशीचा हिशेब

त्याच संध्याकाळी मत बनवू नका, कंडिशनरची मऊ लागण फसवते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा.

केसाला अंग आहे, कंगव्यात तुकडे कमी, कुरळ्यांचे वळसे धरून राहताहेत: तेच प्रमाण, तेच अंतर. केस ताठ, करकरीत, बोटांत खरखरणारा, वाकवला की तुटणारा: पापुद्रा जास्त झाला. यालाच ‘प्रोटीन ओव्हरलोड’ म्हणतात, आणि नाव ऐकून लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. केसाला पोट नसतं अजीर्ण व्हायला, वर थर साचलेला असतो. एकदा साचलेला थर काढणारा, क्लॅरिफाइंग शाम्पू, पुढची तीन-चार न्हाणी नुसतं कंडिशनर, आणि नंतर अंतर दुप्पट. तुमच्या रोजच्या शाम्पूत, कंडिशनरमध्ये आणि सीरममध्येही प्रोटीन आहे का, हेही तेव्हा तपासा. चोर बहुधा तिथे सापडतो. आणि केस अजूनही लिबलिबीत, पडलेला, ओला असताना रबरासारखा असेल, तर प्रोटीनचा जोर एका टप्प्याने वाढवा.

एका वेळी एकच बदल. तारीख आणि काय लावलं ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्या चौकोनांतून जे कळतं ते कुठल्याही बाटलीवर छापलेलं नसतं.

कात्री

तीन वेळा नीट मास्क लावूनही ओला केस च्युइंगगमच राहिला, तर तेवढ्या लांबीत रफू धरायला कापडच उरलेलं नाही. सगळं एकदम उतरवायची गरज नसते. दर तीन महिन्यांनी तीन-साडेतीन सेंटीमीटर कापलं तर केस जेवढा वाढतो तेवढाच जातो, लांबी दिसायला तीच राहते. भाचीचा २० सेंटीमीटर बिघडलेला भाग या हिशेबाने दीड वर्षात संपेल. तिने पहिल्यांदाच आठ सेंटीमीटर कापून घेतले, त्यामुळे पुढच्या दिवाळीपर्यंत संपतील. तोवर ब्लीच नाही, हे कबूल करून घेतलंय.